शनिवारी दहाला चेक-आउट

शनिवार, २४ सप्टेंबर २०२२, दुपारी ४. अजून ९५ तास.

ओहायोहून आलेले एक आजोबा, आजी आणि त्यांची पन्नाशीची मुलगी दाराचा कोड दाबून आत शिरले, तसा माझा फोन वाजला. घर आमचं, फोर्ट मायर्स बीचवर. आम्ही स्वतः राहतो तिथून दोनशे किलोमीटर उत्तरेला, टँपात. कोड, कॅमेरा आणि साफसफाई करणारी एक भरवशाची बाई, एवढ्या तीन गोष्टींवर लांबून घर आठवड्याच्या भाड्याने देता येतं. निदान तोवर आम्हाला तसंच वाटत होतं.

फोर्ट मायर्स बीच म्हणजे एस्टेरो नावाचं सात मैल लांबीचं, चिंचोळं बेट. समोर मेक्सिकोचं आखात, मागे खाडी, मुख्य जमिनीकडे जायला दोन टोकांना दोन पूल. आमचं घर जुन्या पद्धतीचं, एकमजली, जमिनीलगत. जाहिरातीत आम्ही 'अंगणातून थेट वाळूत' असं अभिमानाने लिहिलं होतं.

इयन वादळाला आदल्या रात्री नाव मिळालं होतं. ते अजून कॅरिबियन समुद्रात होतं, पण त्याच शनिवारी गव्हर्नरांनी सगळ्या फ्लोरिडात आणीबाणी जाहीर केली. मी पाहुण्यांना नेहमीचा निरोप लिहिला: वाय-फायचा पासवर्ड, कचरा उचलायचा वार, वाळूचे पाय धुवायचा नळ. वादळाबद्दल एक ओळ लिहिली आणि खोडली. बिचाऱ्यांचा सुट्टीचा पहिला दिवस, कशाला उगीच?

फ्रिजवर आम्हीच चिकटवलेला एक कागद होता: 'हे घर झोन ए मध्ये आहे.' पुराचं पाणी आधी जिथे शिरणार आणि सगळ्यांत आधी जे रिकामं करायचं, ते झोन ए. फ्लोरिडातल्या माणसाला हे कळतं. ओहायोच्या माणसाला तो गाडी लावण्याचा नियम वाटला असला तर दोष त्याचा नाही.

रविवार, २५ सप्टेंबर, रात्री ८. अजून ६७ तास.

मुलीचा निरोप आला: "टीव्हीवर वादळाचं दाखवतायत. आम्ही काळजी करायला हवी का?"

मी नकाशा पाहिला. वादळाचं केंद्र कुठून जाईल हे दाखवणारा तो पांढरा शंकू. काही संगणकी अंदाज ते पार वर, राज्याच्या वायव्य टोकाकडे नेत होते, काही टँपाकडे. फोर्ट मायर्स शंकूच्या कडेला. मी उत्तर दिलं: "ते आमच्याकडे येतंय, तुमच्याकडे नाही! काळजी आम्हालाच आहे." शेवटी एक हसरा चेहरा.

तो शंकू फक्त केंद्राची वाट दाखवतो, वादळाचा पसारा नाही. आणि तीनातल्या एका वेळी केंद्रही त्याच्या बाहेर जातं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. फ्लोरिडात अकरा वर्षं काढली होती. पण त्या उत्तरामागे दुसरंही काही होतं. आम्ही ज्या संकेतस्थळावरून घर देत होतो, तिथला नियम असा: घरमालकाने बुकिंग मोडलं तर पूर्ण पैसे परत आणि वर दंड, पाहुणा आपणहून गेला तर पैसे देणं न देणं मालकाची मर्जी, सरकारने बाहेर पडायचा हुकूम काढला तर मात्र पूर्ण परतावा. आठवड्याचे अठराशे डॉलर होते. म्हणजे हुकूम येईपर्यंत जो आधी 'निघा' किंवा 'निघतो' म्हणेल, त्याच्या खिशाला चाट. दोन्ही बाजूंनी आम्ही गप्प बसून सरकारच्या तोंडाकडे बघत होतो.

सोमवार, २६ सप्टेंबर, सकाळी ९. अजून ५४ तास.

त्या दिवशी घटस्थापना होती. चिपळूणहून आलेल्या सासूबाईंनी पहाटेच घट बसवला होता, माती आणि सप्तधान्य भारतीय दुकानातून आणून. आणि नऊच्या सुमारास आमच्याच फोनवर हुकूम: आमच्या काउंटीतला झोन ए दुपारी दोनपासून रिकामा करायचा. टँपावर थेट मोठं वादळ आदळलं होतं ते १९२१ साली. शंभर वर्षांची उधारी आता वसूल होणार, असं सगळे वार्ताहर बोलत होते.

नवरा म्हणाला, "अगं, दक्षिणेला जाऊ या. फोर्ट मायर्सला."

"अरे, तिथे पाहुणे आहेत ना!"

"हो, तेही आहे. नाहीतर आपलं घरच होतं की."

हे संभाषण अर्ध्या मिनिटाचं. टँपाहून त्या दिवशी दक्षिणेकडे पळालेले कितीतरी लोक होते. आम्हाला वाचवलं ते अठराशे डॉलरच्या बुकिंगने. आम्ही ऑर्लँडोला निघालो. सासूबाईंनी अखंड दिवा शांत केला, 'विझवला' हा शब्द न उच्चारता, आणि घट मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसल्या. दीड तासाच्या रस्त्याला पाच तास लागले.

सोमवार, रात्री १०. अजून ४१ तास.

हॉटेलात टीव्ही चालू. सासूबाईंना इंग्रजी बेताचंच येतं, पण नकाशा येतो. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी त्यांच्या घरात शिरलं, तेव्हा त्यांनी एक रात्र माळ्यावर काढली होती. वर पाऊस आणि खाली खाडीला भरती, म्हणून पाणी उतरेचना. त्या म्हणाल्या, "तिकडे तुमच्या घरी भरती कधी आहे?"

एवढ्या दिवसांत हा प्रश्न मला पडला नव्हता. मी वारा बघत होते. वाऱ्याचा आकडा दर तीन तासांनी सांगतात, त्याला श्रेण्या असतात, तो स्पर्धेसारखा वाटतो. पाण्याचा इशारा खालच्या पट्टीत सरकत जातो. मी शोधला. फोर्ट मायर्सच्या किनाऱ्याला चार ते सात फूट पाणी चढण्याचा अंदाज त्या दिवशीच दिलेला होता. जमिनीपासून. आमच्या घराचं जोतं एक फुटाचं.

इथली चक्रीवादळं घड्याळाच्या उलट फिरतात. फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर वादळ आलं की डोळ्याच्या उत्तरेला वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, दक्षिणेला समुद्राकडून जमिनीकडे. म्हणजे ज्या गावावर वादळ 'येतंय' ते गाव पाण्यातून सुटू शकतं आणि त्याच्या दक्षिणेचं, शंकूच्या कडेवरचं गाव बुडू शकतं. त्यात तिथला समुद्रतळ मैलोन्‌मैल उथळ. ढकललेलं पाणी खाली कुठे जाणार, ते वरच चढतं.

मी पाहुण्यांना फोन केला नाही. दहा वाजले होते, म्हातारी माणसं झोपली असतील. शिवाय त्यांच्या काउंटीने अजून हुकूम काढला नव्हता. सकाळी ठरवू म्हणत होते.

मंगळवार, २७ सप्टेंबर, सकाळी ७. अजून ३२ तास.

हुकूम आला. ली काउंटीचा झोन ए आणि बी चा काही भाग. तोवर इयन पहाटे क्यूबाच्या पश्चिम भागावर धडकलं होतं. मी लगेच कळवलं: पूर्ण पैसे परत, कृपया आजच निघा. इतकं मोकळं वाटलं लिहिताना, की त्याचीच लाज वाटली.

आजोबा मात्र तयार होईनात. शेजारचा कोणी त्यांना सांगून गेला होता की २००४ सालचं चार्लीसुद्धा टँपाला जाणार होतं, ते इकडे वळलं, तरी आम्ही इथेच होतो. २०१७ च्या अर्माच्या वेळीही पाणी येणार येणार म्हणून घाबरवलं, काय आलं? आणि परवाच्या रात्रीचा माझा हसरा चेहरा त्यांच्या फोनवर होताच. "तुम्हीच तर म्हणालात," मुलगी म्हणाली. ती भांडत नव्हती. खरंच विचारत होती.

मंगळवार, दुपारी १. अजून २६ तास.

साफसफाईवाल्या बाईने फोटो पाठवले. मीच तिला सकाळी सांगितलं होतं की खिडक्यांना पत्रे लाव, अंगणातल्या खुर्च्या आणि शेगडी आत घे, वरचे साठ डॉलर देईन. ती ग्वाटेमालाची, पाच वर्षं आमचं घर तीच बघत होती. तिने सगळे पत्रे लावले, पाहुण्यांसाठी एक दार मोकळं ठेवलं. मी अंगठा पाठवला. त्या वेळी पुलावर सगळ्या गाड्या एकाच दिशेने चालल्या होत्या, बाहेर. ती आत आली होती, माझ्या सांगण्यावरून.

मंगळवार, संध्याकाळी ६. अजून २१ तास.

वादळाची रेषा दिवसभर दक्षिणेकडे घसरत होती. टँपा, मग सारासोटाच्याही खालचं व्हेनिस. पाण्याचा अंदाज आठ ते बारा फुटांवर गेला. या वेळी मी निरोप लिहिला नाही, फोन लावला आणि आजोबांनाच मागितलं. वारा, श्रेणी, शंकू यातलं काही बोलले नाही. म्हटलं, "तुम्ही उभे आहात तिथून वर बघा. ते छत आठ फुटांवर आहे. उद्या पाणी त्याच्या वर असू शकतं, आणि त्या घराला माळा नाही."

माळा हा शब्द मी चिपळूणहून उसना घेतला होता. बराच वेळ पलीकडून फक्त टीव्हीचा आवाज आला. मग ते म्हणाले, औषधं भरायला अर्धा तास लागेल. सातच्या आत कॅमेऱ्यात त्यांची गाडी मागे वळताना दिसली. एव्हरग्लेड्समधल्या रस्त्याने ते पूर्व किनाऱ्याला गेले.

बुधवार, २८ सप्टेंबर, सकाळी ७. अजून ८ तास.

वाऱ्याचा वेग ताशी १५५ मैल, म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटर. पाण्याचा अंदाज आता बारा फुटांच्याही वर. टीव्हीवर मात्र सकाळभर टँपाचा उपसागर: पाणी मागे हटलं होतं आणि लोक चिखलात उतरून फोटो काढत होते. आमचं टँपातलं घर कोरडं. मी नवऱ्याला म्हटलं, "वाचलो." सासूबाईंनी विचारलं, "आणि ती पत्रे लावणारी? ती कुठे राहते?"

ती राहत होती पुलाच्या अलीकडे, सॅन कार्लोस बेटावर, ट्रेलरच्या वस्तीत. तोही झोन ए. पाहुण्यांचं वय, औषधं, गाडी, सगळं मी विचारलं होतं. तिला विचारलं होतं की पत्रे घट्ट बसलेत ना.

फोन लागला नाही.

बुधवार, दुपारी १२.४०. अजून अडीच तास.

पत्र्यांमुळे घरात अंधार होता, कॅमेऱ्यात हिरवट दिसत होतं. दाराखालून पाणी आलं, घाई नसल्यासारखं. जेवणाच्या टेबलाचे पाय बुडाले. पाहुण्यांची एक चप्पल तरंगत कॅमेऱ्याखालून गेली. फ्रिज आधी हलला, मग आडवा झाला, झोन ए च्या कागदासकट. त्यानंतर पडदा काळा.

दुपारी ३.०५.

इयन कायो कोस्टा बेटावर चढलं. वेग ताशी १५० मैल. चार्लीही २००४ च्या १३ ऑगस्टला याच बेटावर, याच वेगाने चढलं होतं. पण ते आकाराने लहान होतं, आणि शेजाऱ्याच्या आठवणीत ही गोष्ट नव्हती. फोर्ट मायर्स बीचवर पाणी जमिनीपासून दहा ते पंधरा फूट चढलं. आमच्या घराचं जोतं राहिलं, आणि पाय धुवायचा नळ.

राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राच्या अहवालात नंतर आलं: एकट्या ली काउंटीत पाण्याच्या लाटेने ३६ माणसं गेली. तो आकडा मला पुढच्या वर्षी कळला. त्या तीन दिवसांत मी फक्त एकच नंबर लावत होते.

शनिवार, १ ऑक्टोबर, सकाळी १०.

आम्ही टँपात परतलो होतो. घटात बोटभर अंकुर आले होते. फोन वाजला, आठवडाभर आधी ठरलेली आपोआप जाणारी सूचना, मला आणि साफसफाईवालीला: 'आज पाहुणे घर सोडतील. सफाई ११ वाजता.'

दहा मिनिटांनी तिचं उत्तर आलं. "येऊ शकत नाही. पुलावर पोलीस आहेत, कोणाला सोडत नाहीत. मी निवाऱ्यात आहे. सोमवारी चालेल का?"