आरपार दगड

आमच्या घरात तीन पिढ्या गवंडीकाम. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात आजोबांच्या हातच्या भिंती पुष्कळ. बांधकामाला हात घालण्याआधी ते दगडांच्या ढिगातले लांब दगड वेगळे काढून ठेवत आणि त्यांना कुणाला हात लावू देत नसत. आमच्याकडची भिंत दिसते एक, पण असतात दोन. एक बाहेरची, दर्शनी, दुसरी घरातली. मधल्या पोकळीत चिपा आणि चिखल. या दोन्ही भिंतींना धरून ठेवणारा म्हणजे तो आरपार दगड. पुढे इंजिनियर लोक त्याला 'थ्रू स्टोन' म्हणायला लागले.

वडिलांच्या वेळी काम उक्तं घेण्याची पद्धत आली. लांब दगड हुडकत बसलं तर दिवस मोडतो. तो दगड हळूहळू भिंतीतून गेला. मीही तसल्या भिंती बांधल्या आहेत.

वर माळवद. लाकडावर पांढरी माती, आणि गळती नको म्हणून पावसाळ्याआधी पुन्हा माती. जुना थर काढायचं कुणाच्या मनात येत नसे. काही घरांवर दीड-दोन फूट साचली होती. उन्हाळ्यात आत गारवा आणि भिंत अशी की चोराला फोडता येऊ नये. आम्हाला त्याचा अभिमान होता. भूकंप कुणाच्याच हिशेबात नव्हता. सरकारी नकाशातसुद्धा आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होता.

१९९२ साली किल्लारीकडे जमिनीतून आवाज यायला लागले. त्या ऑक्टोबरात चांगलाच हादरा बसला, लोक बाहेर निजू लागले. पुढे धक्के कमी झाले, तशी अंथरुणं पुन्हा घरात गेली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून गावं गाढ झोपलेली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी... सरकारी आकडा ७,९२८ मृतांचा. भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम. माणसं मारली ती भिंतींनी आणि माळवदाच्या मातीने. बोळ इतके अरुंद की घराबाहेर पडलेल्यांवरही भिंती आल्या.

ढिगारे उपसताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. जिथे माळवदाचा भार खणाच्या लाकडी खांब-तुळयांवर होता, तिथे भिंती ढासळूनही कितीतरी ठिकाणी छत उभं राहिलं होतं. भार नुसत्या भिंतींवर होता तिथे काहीच उरलं नाही.

पुढे जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन झालं. ५२ गावं नव्या जागी गेली. माझ्या वाट्याला उभी घरं मजबूत करायचं काम आलं, आणि पन्नाशीला टेकलेला मी पुन्हा शिकाऊ झालो. भिंतीतला एक दगड पहारीने हळूच हलवून काढायचा (घण घातला तर शेजारचे सुटतात), दुसऱ्या बाजूपर्यंत भोक न्यायचं, आकड्यासारखी वाकवलेली सळई आत ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. म्हणजे आजोबांचा दगडच, सिमेंटमध्ये ओतलेला! जोडीला माळवदाची माती उतरवायची आणि भिंतींना चारी बाजूंनी पट्टा बांधायचा. लोक मात्र दगडाला इतके भ्याले होते की चांगली घरं पाडून स्लॅब मागत. दोष दगडाचा नव्हता, आम्हा गवंड्यांचा होता. स्लॅबवाल्यांनाही सांगतो, सळई कमी आणि काँक्रीटला पाणी जास्त झालं तर स्लॅबही माळवदच.

हलायला लागलं की पक्क्या घरात मजबूत टेबलाखाली बसून त्याचा पाय धरावा. जिन्याकडे धावू नये. थांबल्यावर बाहेर मोकळ्यावर यावं, भिंतीच्या कडेने नव्हे. भेगा पडलेल्या घरात सामान आणायलासुद्धा परत जाऊ नये, मागून धक्के येतातच. पण हे सगळं भिंत उभी राहिली तर.

२००२ च्या नव्या नकाशात पहिला झोनच काढून टाकला. आमचा लातूरचा भाग त्यात तिसऱ्यात गेला. गावी जुनं दगडी घर असेल तर दिवाळीला जाल तेव्हा माळवदावर किती माती साचली आहे ते बघा, आणि भिंत कुठे पोट काढून फुगली आहे का तेही. फुगलेली दिसली तर त्या खोलीत निजू नका, गवंड्याला बोलवा. आणि तो आला की त्याला आधी आरपार दगडाचं विचारा.