गुरांच्या दवाखान्यातून निघालेली वाट

जामखेडच्या दवाखान्याला पहिलं छप्पर मिळालं ते गुरांच्या दवाखान्याचं. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं नगर जिल्ह्याच्या टोकाला, बीडच्या हद्दीला लागून असलेल्या या दुष्काळी तालुक्यात आलं. गावच्या पुढाऱ्यांनी त्यांना जनावरांच्या दवाखान्याची पडून राहिलेली जुनी इमारत दिली आणि तिथं माणसं तपासणं सुरू झालं.

तिथवर येण्याआधी या दोघांनी एक दवाखाना चालवून पाहिला होता. रजनीकांत राहुरीचे. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि 1960 मध्ये लग्न झालेले. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काही वर्षं काम करताना एक गोष्ट त्यांना छळू लागली. हगवणीनं सुकलेलं पोर सलाइन लावून बरं करून घरी पाठवावं, तर तेच पोर काही दिवसांनी तसंच परत यायचं. घरी गेल्यावर पाणी तेच, उपासमार तीच. खाटा वाढवून हे थांबणार नव्हतं. मग दोघं अमेरिकेत गेले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि परतले ते थेट जामखेडला.

मागोमाग महाराष्ट्राचा तो मोठा दुष्काळ पडला. ज्यांनी 1972 पाहिलाय त्यांना सुकडीची चव आणि खडी फोडण्याचा आवाज अजून आठवतो. लोकांना आधी पाणी हवं होतं, अन्न हवं होतं, गोळ्या-इंजेक्शनं नंतरची. म्हणून या दवाखान्याचं सुरुवातीचं मोठं काम बोअर पाडणं आणि पोरांसाठी चूल पेटवणं हे ठरलं. बोअरची जागा दलितवस्तीत धरली जाईल, हे आरोळ्यांनी पाहिलं. विहिरीवर ज्यांना चढू देत नव्हते त्यांच्या दारात हापसा आला आणि गावच्या बाकीच्यांना घागर घेऊन तिथं जावं लागलं. दवाखान्याच्या इतिहासात हापशाला पान कशाला, असं कुणी विचारेल. माझ्या मते पहिलं पान त्याचंच आहे.

गावोगाव शिकलेली नर्स राहील आणि आजारांना तिथंच अडवेल, असा मूळ बेत होता. तो फसला. एकटी तरुण मुलगी परक्या खेड्यात राहायला राजी नसे आणि राहिली तरी गावच्या बायका तिच्याशी मन मोकळं करत नसत. तेव्हा गावातूनच सूचना आली: आमच्यातलीच एखादी बाई शिकवा की. मग गावानं निवडलेल्या बायका आल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या, काही विधवा. त्या ठरलेल्या दिवशी जामखेडला येत, मुक्काम करत आणि शिकत. सुरुवातीला एकमेकींच्या हातचं पाणी चालत नव्हतं. हळूहळू त्या एकत्र रांधू लागल्या, एका पंगतीला बसू लागल्या, रात्री एकाच पांघरुणाखाली झोपू लागल्या. जात कुठल्या मात्रेनं जाते ते मला ठाऊक नाही, पण तो धडा त्या पांघरुणाखाली गिरवला गेला.

त्या बायका गावी परतताना पिशवीत काय नेत? मोजक्या गोळ्या, मलमपट्टी आणि बाळंतपणाचं सामान: साबण, स्वच्छ फडकं, उकळलेला दोरा, नवं ब्लेड. ब्लेड काय दोन पैशांचं, असं वाटेल. पण आमची आजी सांगायची, तिच्या पहिल्या पोराची नाळ विळ्यानं कापली होती. सातव्या दिवशी त्यानं दूध ओढणं सोडलं, अंग धनुष्यासारखं ताणलं आणि गेलं. घरात म्हणाले, सटवीनं तेवढंच लिहिलं होतं. त्या कोऱ्या ब्लेडनं सटवीच्या हातचं लिहिणं काढून घेतलं.

बाळाला चीक पाजू नये, जुलाबात पाणी देऊ नये, पोटुशीनं कमी खावं म्हणजे बाळ लहान राहून सुटका सोपी होते, असे समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. ते डॉक्टरांच्या भाषणानं हलत नव्हते. शेजारच्या ओळखीच्या बाईनं स्वतःच्या नातवाला मीठ-साखरेचं पाणी पाजून दाखवलं की हलत. 1971 मध्ये या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 176 वर्षाच्या आत जात होती. पुढच्या दोन-अडीच दशकांत तो आकडा विशीच्या आसपास आला.

दवाखानाही वाढला. शस्त्रक्रिया होऊ लागल्या, जयपूर फूट बनू लागले, कुष्ठरोगी इतर रोग्यांसारखेच तपासले जाऊ लागले. पण दवाखान्याचा जीव गावातल्या त्या बायकांत होता. जागतिक आरोग्य संघटनेनं 1975 मध्ये लोकांच्या हाती आरोग्य देणाऱ्या प्रयोगांवर पुस्तक काढलं, त्यात एक प्रकरण जामखेडचं होतं. तीन वर्षांनी अल्मा-आटाच्या परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा झाला, त्यामागे असे प्रयोग होते. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1999 मध्ये मेबलताई गेल्या, 2011 मध्ये रजनीकांत. प्रकल्प चालू आहे.

गावातलीच बाई, गावातल्याच माणसांसाठी, ही कल्पना देशानं पुढे उचलली. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि खेडोपाडी ‘आशा’ स्वयंसेविका दिसू लागली. मात्र सरकारनं बाई घेतली आणि तिच्या पाठीशी उभा असलेला दवाखाना मागेच राहिला. जामखेडच्या बाईला अडचण आली तर विचारायला डॉक्टर होते, आठवड्याला नवं शिक्षण होतं, मैत्रिणी होत्या. आशाताईला बहुतेक ठिकाणी नोंदवह्या मिळाल्या आणि कामागणिक मोजलेला मोबदला. त्यासाठी तिला मुंबईच्या आझाद मैदानावर आंदोलनाला बसावं लागलं. तिला मोबदला नको, पगार द्या. आणि अडल्या रात्री तिनं फोन केला तर उचलणारा डॉक्टर द्या.