एमफोर का फुटला?

आजची गोष्ट एमफोरची. नाव ऐकलं नसेल तरी हरकत नाही. ब्रायन कर्निहॅन आणि डेनिस रिची यांनी १९७७ साली लिहिलेला हा मॅक्रो प्रोसेसर. ऑटोकॉन्फ, बायसन आजही त्याच्याच जिवावर चालतात. त्यामुळे ग्नूचा एमफोर बिल्ड झाला नाही, की मागची सगळी रांग खोळंबते.

माझी अशीच खोळंबली. जुन्या बोर्डची टूलचेन नव्या लॅपटॉपवर बिल्ड करत होतो, रात्रीचे दोन, सकाळी डेमो. एरर म्हणतो, हे तुमच्या प्लॅटफॉर्मवर पोर्ट करा. अरे, माझा प्लॅटफॉर्म साधा लिनक्स आहे रे बाबा!

तर झालं असं होतं. फाईल वाचताना बफरमध्ये किती डेटा शिल्लक आहे, हे विचारायची सोय सी भाषेच्या स्टँडर्डमध्ये नाही. म्हणून ग्नूलिब हा कोडचा संग्रह थेट जीलिबसीच्या पोटात डोकावायचा. समोर जीलिबसीच आहे हे ओळखायची खूण काय, तर तिच्या आतल्या हेडरमधला एक मॅक्रो. १ ऑगस्ट २०१८ ला जीलिबसी २.२८ आली आणि ते हेडर बाहेर मिळणंच बंद झालं. खूण गेली, ओळख गेली. गंमत म्हणजे दोघंही ग्नूचेच, एकाच घरातले! आधी कंपाईल झालेला एमफोर मात्र मजेत चालत होता. फुटला तो फक्त सोर्स.

ग्नूलिबवाल्यांनी दुरुस्ती मार्च २०१८ मध्येच केली होती, म्हणजे रिलीजच्या आधी. पण ग्नूलिब ही लायब्ररीसारखी लिंक होत नाही, तिचा कोड प्रत्येक प्रोजेक्टमध्ये कॉपी होतो. एमफोर १.४.१८ निघाला होता २०१६ च्या शेवटी, त्याच्या टारबॉलमध्ये जुनीच कॉपी. पुढचा १.४.१९ यायला मे २०२१ उजाडला. तोवर जो तो आपापला पॅच लावत बसला. माझ्या मते खरा घोळ या कॉपी करण्यात आहे, पण त्यावर भांडायला वेगळा एपिसोड लागेल.

लिनक्स फ्रॉम स्क्रॅच या पुस्तकाने २०१८ मध्येच उपाय छापला होता: मॅक्रोचं नाव सेडने बदला आणि हरवलेली एक व्याख्या हेडरमध्ये लिहा. दोन कमांड. मी तेच केलं, एमफोर बिल्ड झाला.

मग कर्नल अडला. जीसीसी १० पासून एकच ग्लोबल व्हेरिएबल दोन फाईलींत एक्स्टर्न न लावता डिक्लेअर केलेलं चालत नाही, आणि जुन्या कर्नलच्या डिव्हाइस ट्री कंपायलरमध्ये नेमकं तेच. एक ओळ उडवली. पावणेचारला बोर्ड बूट झालं.