असईचे रणांगण आणि मेजावरचे युद्ध

छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेस, खाम नदीपलीकडे वसलेली छावणी हे निजामाच्या खर्चाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे एक प्रमुख ठाणे होते. अशी ठाणी उभी राहण्याइतके इंग्रजांचे वर्चस्व दख्खनेत ज्या युद्धाने पक्के केले, त्या 1803 च्या दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातील निर्णायक लढाई याच परिसरात झाली. अहमदनगरचा किल्ला घेऊन आर्थर वेलस्ली हा इंग्रज सेनापती 29 ऑगस्ट 1803 रोजी औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, पोहोचला आणि 23 सप्टेंबर रोजी केळणा व जुई या नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या भूमीवर, असई गावाजवळ, दौलतराव शिंदे व नागपूरकर रघुजी भोसले यांच्या संयुक्त फौजेशी त्याची गाठ पडली. हे गाव आज जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात असले तरी 1981 मध्ये तो जिल्हा वेगळा होईपर्यंत ते औरंगाबाद जिल्ह्यातच मोडत असे. जगभरातील हौशी मंडळी घरच्या मेजावर नेपोलियनकालीन लढायांचे जे खेळ मांडतात, त्यांत वॉटर्लूबरोबर असईचीही लढाई मांडली जाते. म्हणून या खेळाच्या इतिहासाचा विचार मराठवाड्याच्या भूमीवरून करणे सर्वस्वी उचित आहे.

या खेळात एका मोठ्या मेजावर डोंगर, नद्या आणि गावे यांच्या लहान प्रतिकृती मांडतात, शिशाचे किंवा प्लॅस्टिकचे रंगवलेले सैनिक छोट्या पट्ट्यांवर चिकटवून त्यांच्या पलटणी करतात, प्रत्येक पलटणीची चाल फूटपट्टीने मोजतात आणि गोळीबाराचा वा हल्ल्याचा परिणाम फासे टाकून ठरवतात. त्याचा उगम मात्र भारतीयांना परक्या नसलेल्या बुद्धिबळात आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या चतुरंग सेनेवर रचलेला खेळ इराण व अरबस्तानमार्गे युरोपात गेल्यावर, ब्रन्सविकच्या दरबारात शिकवणाऱ्या हेलविगने 1780 मध्ये त्याचा पट 1,617 घरांपर्यंत वाढवला आणि जमिनीचा प्रकार दाखवण्यासाठी घरांना वेगवेगळे रंग दिले. पुढे प्रशियातील राइसवित्झ या अधिकाऱ्याने घरांचे बंधन काढून टाकले आणि 1812 मध्ये राजासाठी उंचसखल भूभाग मांडता येईल असे एक मेजच तयार करवले, तर त्याच्या तोफखान्यातील मुलाने 1824 मध्ये नकाशा, फासे आणि पंच यांवर आधारलेले नियम छापले. पंच म्हणजे दोन्ही बाजूंचे हुकूम गुप्तपणे घेऊन, ज्याला जेवढे दिसणे शक्य तेवढेच सांगणारा तिसरा माणूस. हे नियम पाहून प्रशियाच्या सेनामुख्यालयाचा प्रमुख म्यूफलिंग याने हा खेळ नसून युद्धाचे शिक्षण आहे असा अभिप्राय दिला व तो पलटणींत वापरण्याची शिफारस केली. हाच म्यूफलिंग 1815 मध्ये वॉटर्लूच्या मैदानावर प्रशियाचा प्रतिनिधी म्हणून वेलिंग्टनजवळ होता, आणि वेलिंग्टन म्हणजेच असईचा वेलस्ली.

इंग्रज सैन्यासाठी या खेळाचे नियम कॅप्टन बेअरिंगने 1872 मध्ये तयार केले. सैनिकी शिक्षणातून तो घराघरांत आला तो एच. जी. वेल्सच्या 1913 मधील पुस्तकामुळे, ज्यात स्प्रिंगवर चालणाऱ्या खेळण्यातल्या तोफांनी शत्रूचे शिपाई प्रत्यक्ष पाडावे लागत. 1962 मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या पुस्तकाने या छंदाला आजचे वळण दिले.

असईची लढाई मेजावर मांडताना पहिली अडचण संख्येची येते. वेलस्लीबरोबर प्रत्यक्ष लढलेली फौज सुमारे साडेचार हजार धरली आणि वीस माणसांमागे एक बाहुली मांडली, तर त्याची बाजू सव्वादोनशे बाहुल्यांत उभी राहते. पण मराठ्यांचे घोडदळ तीस हजार मानले तर त्यासाठीच दीड हजार बाहुल्या लागतात. हे घोडदळ त्या दिवशी फारसे लढलेच नाही, म्हणून ते थोडक्या पट्ट्यांत दाखवणे रास्त ठरते. शिंद्यांच्या दरबारात इंग्रजांचा वकील राहिलेल्या कॉलिन्सने औरंगाबादजवळच्या तळावर वेलस्लीला हेच बजावले होते, की घोडेस्वारांची चिंता नको, पण पायदळ आणि तोफा पाहून तुम्ही चकित व्हाल.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. वाटाड्यांनी जवळपास नदीला उतार, म्हणजे पायी ओलांडण्याजोगी जागा, नाही असे सांगितले असताना वेलस्लीने केळणेच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली पिंपळगाव व वरूड ही गावे पाहिली आणि अशा गावांमध्ये येण्याजाण्याची वाट असणारच असा तर्क केला, जो खरा ठरला. ज्याने इतिहास वाचला आहे त्या खेळाडूला हा उतार आधीच ठाऊक असतो, आणि मग लढाईतील सर्वांत धाडसी निर्णय मेजावर आपोआप घडतो. अशा वेळी पंचाने गावांची नावे बदलावीत, किंवा उतार आहे की नाही हे फाशावर सोडावे. राइसवित्झचा पंच येथे नुसता सोयीचा नाही, तो आवश्यक आहे.

मराठी वाचकाने सर्वांत जास्त आग्रह धरावा तो मराठी पायदळाच्या मूल्यमापनाचा. महादजी शिंद्यांच्या काळापासून द बॉइन्ये या युरोपीय अधिकाऱ्याने कवायती पलटणींचे कंपू, म्हणजे स्वतःच्या तोफांसह लढणारे सैन्यविभाग, उभे केले होते, आणि असईला त्यांचे नेतृत्व हॅनोव्हरचा पोलमन करीत होता. वेलस्ली नदी ओलांडून बगलेवर आला तेव्हा दक्षिणेकडे तोंड असलेली संपूर्ण रांग पोलमनने पूर्वेकडे वळवली, जी हालचाल शत्रूसमोर करणे युरोपातील कसलेल्या पलटणींनाही जड गेले असते. नियमांत एतद्देशीय फौज म्हणून तिला सरसकट कनिष्ठ दर्जा देणारे खेळ हा प्रसंग दाखवूच शकत नाहीत, कारण त्यांत ती रांग वळण्यापूर्वीच मोडते. इंग्रजांचे उजवीकडचे पथक त्याचा अधिकारी ऑरॉक याच्या चुकीने असई गावाच्या तोफांसमोर सरकले आणि त्यामागून गेलेल्या 74 व्या हायलँडर पलटणीची निम्म्याहून अधिक माणसे पडली, हेही फाशाच्या दुर्दैवाने नव्हे तर त्या तोफांच्या ताकदीने घडले पाहिजे. शिवाय खेळात काबीज केलेली तोफ सहसा पटावरून उचलली जाते. असईला मात्र मेल्याचे सोंग घेऊन पडलेले गोलंदाज इंग्रजांची रांग पुढे गेल्यावर उठले आणि त्यांनी त्याच तोफा शत्रूच्या पाठीवर डागल्या, त्यामुळे वेलस्लीला 78 वी पलटण व मद्रासचे 7 वे घोडदळ घेऊन त्या पुन्हा जिंकण्यासाठी स्वतः मागे फिरावे लागले आणि त्या धुमश्चक्रीत त्याच्या घोड्याला भाला लागला. म्हणून असईच्या मेजावर घेतलेली प्रत्येक तोफ, तिच्यावर पायदळाचा पहारा ठेवीपर्यंत, मराठ्यांच्याच बाजूची मानली जावी.