देवचाफ्याचे प्राचीनत्व : एका शोभिवंत वृक्षाचा इतिहास

महाराष्ट्रातील जुन्या देवळांच्या प्राकारात, घाटांच्या पायऱ्यांवर, समाध्या व दर्ग्यांच्या आसपास पांढरा चाफा हटकून आढळतो. देवचाफा किंवा खुरचाफा या नावांनीही तो ओळखला जातो. त्याचे वाकडेतिकडे खोड पाहता तो देवळाइतकाच जुना असावा, असा समज सहज होतो. स्थानिक इतिहासाच्या पुस्तिकांतून आणि पौराणिक चित्रांतून हा समज इतका रूढ झाला आहे की त्याची तपासणी करणे आवश्यक वाटते.

हा वृक्ष मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका व कॅरिबियन बेटांचा आहे. लिनियसने 1753 मध्ये त्याच्या प्रजातीला फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल प्लूमिए (1646-1704) याच्या स्मरणार्थ 'प्लुमेरिया' हे नाव दिले. पोर्तुगीजांनी गोवा 1510 मध्ये घेतला. स्पॅनिशांनी मेक्सिको 1521 मध्ये जिंकला आणि 1565 पासून अकापुल्को-मनिला ही गलबतांची वाट सुरू झाली. अंबोन बेटावर राहिलेल्या रम्फियसने (1627-1702) आपल्या ग्रंथात या झाडाचे वर्णन केले आहे. म्हणजे सतराव्या शतकात तो आशियात रुजलेला होता. यादवकालीन देवळाच्या आवारातील देवचाफा हा त्या देवळाच्या काळाचा पुरावा ठरू शकत नाही.

मग संस्कृत काव्यातील 'चंपक' कोणता? तो आपला सोनचाफा होय (मॅग्नोलिया चंपका). सोनेरी वर्ण, उग्र गंध आणि भुंगा त्याच्याकडे फिरकत नाही हा कविसंकेत, ही त्याची ओळख. मराठीतील 'चाफेकळी नाक' हेही सोनचाफ्याच्या सरळ, टोकदार कळीवरूनच आले. देवचाफ्याची कळी पिळलेली असते, तिची उपमा नाकाला देणे सौजन्याचे ठरणार नाही. (गमतीचा भाग असा की देवचाफ्याच्या फुलात मध नसतो. केवळ गंधाने तो रात्रीच्या पतंगांना फसवतो. भुंग्याचा संकेत येथे अधिक शोभला असता.)

घोटाळ्याचे मूळ नावात आहे. मराठीत 'चाफा' हे गंधाला दिलेले नाव दिसते, कुळाला नव्हे. सोनचाफा, नागचाफा, हिरवा चाफा, भुईचाफा हे चौघेही वनस्पतिशास्त्रदृष्ट्या भिन्न कुळांतले आहेत. परदेशी पाहुणा आला, सुगंधी निघाला, आणि लोकांनी त्याला त्याच घरात घेतले. लाओसमध्येही हेच घडले. तेथील राष्ट्रीय पुष्प 'डोक चंपा' म्हणजे हाच प्लुमेरिया.

त्याच्या प्रसाराचे रहस्य मात्र लागवडीच्या पद्धतीत शोधावे लागते. आपल्याकडे या झाडाला शेंग क्वचितच धरते. वाढ होते ती छाट कलमाने. उन्हाळ्यात दोन-तीन फुटांची पक्व फांदी तोडून, चीक सुकेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवावी व मगच निचऱ्याच्या जमिनीत खोचावी. घाई केली किंवा पाणी फार दिले तर बुडखा कुजतो. मांसल फांदीत ओलावा इतका साठलेला असतो की तोडलेल्या फांदीलाही पाने-फुले येतात. गलबतावरच्या लांबच्या प्रवासास याहून सोयीचे रोप नसावे. सोनचाफ्याचे तसे नाही. त्याला खोल माती आणि बेताचे पण नियमित पाणी लागते, आणि बियांपासून वाढवल्यास फुलांसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते. दख्खनच्या मुरमाड, कोरड्या प्राकारात पुजाऱ्याने कोणता चाफा लावला असेल, हे सांगावयास नको. हिवाळ्यात पाने झडणे आणि पावसाळ्यात पानांखाली येणारा नारिंगी तांबेरा एवढीच त्याची तक्रार.

बी नसल्यामुळे आपल्याकडील जवळजवळ प्रत्येक देवचाफा कोणीतरी कोणाला दिलेल्या फांदीतून उभा राहिला आहे. एका गावच्या देवळातून दुसऱ्या गावच्या दर्ग्यात, तेथून शाळेच्या कुंपणाशी. या देवाणघेवाणीची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. गावोगावच्या वृद्ध माळ्यांना व गुरवांना 'ही फांदी कुठून आणली' असे विचारले, तर अजूनही काही दुवे हाती लागतील.