बॅजरच्या केसांची नक्कल

पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड आणि अमेरिका या दोन्ही देशांतील डॉक्टरांपुढे एक चमत्कारिक कोडे उभे राहिले. काळपुळी हा वास्तविक गुराढोरांचा रोग; तो माणसाला जडलाच तर कातडी कमावणाऱ्यांना, खाटकांना, किंवा ब्रॅडफर्डसारख्या गिरण्यांच्या गावी परदेशी लोकरीचे गठ्ठे फोडून निवडणाऱ्या मजुरांना जडावा, अशी तोवरची समजूत होती आणि ती अनुभवाने सिद्धही झालेली होती. परंतु १९१५ पासून जे रोगी येऊ लागले त्यांत छावण्यांतले सैनिक होते आणि शहरांतले असे सामान्य गृहस्थ होते, ज्यांचा मेलेल्या जनावरांशी वा त्यांच्या कातड्यांशी कधी काडीचाही संबंध आलेला नव्हता. दुखण्याची जागा मात्र बहुतेकांची एकच: गाल, हनुवटी किंवा गळा. प्रथम एक लहानशी खाजरी पुळी, मग तिच्याभोवती पाणी भरलेल्या फोडांचे कडे, मग मधोमध काळीभोर खपली, आणि भोवतालची कातडी टरारून सुजलेली. एवढे होऊनही त्या खपलीला फारशा वेदना नसत. रोग्यांच्या दिनचर्येची कसून चौकशी करता करता शेवटी सर्वांजवळ एकच समान जिन्नस आढळला, तो म्हणजे नुकताच विकत घेतलेला दाढीचा ब्रश. त्या ब्रशांचे केस प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा काळपुळीचे जंतू त्यांत सापडले.

आज दाढीच्या ब्रशात जो कृत्रिम धागा आपण सहज वापरतो, त्याचा इतिहास सांगू लागले म्हणजे लोक थेट नायलॉनपासून आरंभ करतात. माझ्या मते तो आरंभ या काळ्या खपलीपासून करावा लागतो. कारण अस्सल केसांची नक्कल करण्याचा पहिला मोठा उद्योग रसायनशास्त्राने नव्हे, तर घोड्याच्या केसांनी केला होता.

ज्याची नक्कल झाली तो केस बॅजर नावाच्या, जमिनीत बिळे करून राहणाऱ्या प्राण्याचा. फ्रेंच लोक दाढीच्या ब्रशाला त्या प्राण्याच्याच नावाने ओळखतात, यावरून त्या केसाची प्रतिष्ठा ध्यानात यावी. बॅजरचा केस मुळाशी फिकट, मध्ये काळा आणि टोकाशी पुन्हा पांढरट असतो. परंतु त्याचे खरे वैशिष्ट्य रंगात नसून आकारात आहे. तो मधल्या भागी जाड असतो आणि टोकाकडे निमुळता होत होत इतका सूक्ष्म होतो की बोटाला त्याचा शेवट जाणवतच नाही. मधल्या जाडीमुळे झुबक्याला ताठपणा मिळतो, निमुळत्या टोकामुळे मार्दव मिळते, आणि हे दोन परस्परविरोधी गुण एकाच केसात नांदत असल्यामुळे तो गालावरचे खुंट उभे करतो आणि कातडीला ओरखडाही उठू देत नाही. शिवाय जनावराचा कोणताही केस पाणी पितो. आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के पाणी तो स्वतःच्या अंगात सामावून घेऊ शकतो. असा केस महाग असणार हे उघड आहे. म्हणून व्यापाऱ्यांनी घोड्याची आयाळ आणि शेपटी यांचे केस घेतले, त्यांवर बॅजरसारखा काळा पट्टा रंगवला, आणि स्वस्त ब्रशांची बाजारात रेलचेल करून टाकली.

युद्धापूर्वी हा घोड्याचा केस सायबेरिया, मांचुरिया आणि चीन येथून निघून प्रथम जर्मनी व फ्रान्स येथे जात असे. तेथे त्याची निवड, धुलाई आणि निर्जंतुकीकरण होऊन मग तो इतर देशांना रवाना होई. युद्ध जाहीर होताच ही वाट मोडली, आणि कच्चा माल कोणत्याही बंदोबस्तावाचून सरळ न्यूयॉर्कच्या व लंडनच्या कारखान्यांत येऊन पडू लागला. रॉबर्ट कॉख यांनी १८७६ साली दाखवून दिले होते की काळपुळीचे जंतू प्रतिकूल परिस्थितीत बीजाणूंचे रूप धारण करतात आणि त्या रूपात ते वर्षानुवर्षे टिकतात. डुकराचा केस सरळ व्हावा म्हणून तो उकळण्याची त्या धंद्यात पूर्वापार चाल होती, आणि त्या उकळीत पुष्कळसा धोका आपोआप नाहीसा होई. घोड्याच्या केसांवर असा संस्कार झाला नाही. त्यातच युद्धकाळात सैनिकाला रोज दाढी करणे भाग पडले. अमेरिकन सरकारने आपल्या सैन्यासाठी जिलेट कंपनीचे सुमारे ३५ लाख वस्तरे खरेदी केले, यावरून त्या काळी दाढी ही केवढ्या प्रमाणावर सरकारी बाब झाली होती ते दिसते. वस्तऱ्याने रोज उठणारे बारीक ओरखडे, आणि त्यांवर रोज फिरणारा तो ओला ब्रश. बीजाणूंना याहून सोपा मार्ग कोणता मिळणार?

दोन्ही देशांत मिळून दोनशेहून अधिक माणसांना या ब्रशांमुळे काळपुळी झाल्याची नोंद आहे, आणि पेनिसिलिन अद्याप जन्मास यायचे असल्यामुळे त्यांतले कित्येक दगावले. सरकारी यंत्रणा हलली. नव्या ब्रशाचे केस फॉर्मॅलिनच्या कोमट द्रावणात चार तास बुडवून ठेवावेत अशी सूचना निघाली; ब्रिटिश पार्लमेंटने १९१९ साली काळपुळीच्या प्रतिबंधाचा कायदा केला, आणि १९२० साली जपानी बनावटीच्या दाढीच्या ब्रशांच्या आयातीस हुकमाने मनाई करण्यात आली. लिव्हरपूल येथे परदेशी लोकर व केस निर्जंतुक करण्याचे सरकारी केंद्र उभे राहिले. एका क्षुल्लक प्रसाधनासाठी एवढी तजवीज व्हावी हे कोणाला विस्मयाचे वाटेल, परंतु ज्या घरातला तरुण मुलगा सीमेवरच्या गोळीने नव्हे तर दाढीच्या ब्रशाने गेला, त्या घराच्या बाजूने पाहिले म्हणजे ही तजवीज उशिराच झाली असे म्हणावे लागते.

महाराष्ट्रात या दुखण्याची धास्ती बसण्याचे कारण नव्हते, कारण आपल्या न्हाव्याच्या धोकटीत ब्रशाला मुळी स्थानच नव्हते. वाटीत पाणी घेऊन बोटांनी दाढी भिजवावी, चोळून चोळून केस मऊ करावेत आणि मग वस्तरा चालवावा, ही त्याची रीत. ब्रश आला तो विलायती साबणाबरोबर, प्रथम साहेबांच्या व सुशिक्षितांच्या न्हाणीघरांत आणि मग शहरांतल्या सलूनांत. मात्र ब्रशांना लागणारा कच्चा माल हिंदुस्थानातून फार पूर्वीपासून बाहेर जात होता. कानपूर हे डुकराच्या राठ केसांचे मोठे पेठेचे ठिकाण होते. तेथील खटिक समाजातील व्यापाऱ्यांनी हा धंदा वाढवला, आणि त्यांचा माल लंडनच्या लिलावात जाई. डुकराच्या केसाचे टोक निमुळते नसते, ते फाटलेले असते. एका केसाला टोकाशी दोन-तीन फाटे फुटलेले दिसतात, आणि वापरता वापरता ते अधिकच फुलत जातात. म्हणून असा ब्रश नवा असताना टोचतो आणि काही महिन्यांनी मऊ पडतो.

दुसऱ्या महायुद्धात याच केसाची वाण पडली. जगातला बहुतेक उत्तम डुकराचा केस चीनमधून येत असे, आणि चीनचा किनारा जपानच्या ताब्यात गेलेला. रंगकामाचे ब्रश मिळेनात, तेव्हा अमेरिकन सरकारने लांब केसांच्या वापरावर निर्बंध घातले. आणि आसामातून हिमालयाच्या पूर्वेकडील पर्वतराजी ओलांडून चीनला युद्धसामग्री पोचवणारी विमाने परतताना टंगस्टन व कथील यांच्या जोडीला डुकराच्या केसांचेही गठ्ठे घेऊन येऊ लागली. ही टंचाई कृत्रिम धाग्याच्या पथ्यावर पडली. तो धागा तयारच होता. अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स यांच्या हाताखाली २८ फेब्रुवारी १९३५ रोजी नायलॉन प्रथम सिद्ध झाले. १९४० साली दुकानांत उडालेल्या पायमोज्यांच्या झुंबडीमुळे नायलॉनची ख्याती झाली खरी, परंतु बाजारात त्याचा पहिला अवतार १९३८ साली दात घासण्याच्या ब्रशात झाला होता. आपल्या शोधाचे हे पहिले फळ पाहण्यास कॅरोथर्स हयात नव्हते. १९३७ च्या एप्रिलमध्ये, अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी, त्यांनी आत्महत्या केली होती. जर्मनीत पॉल श्लाक यांनी १९३८ च्या जानेवारीत वेगळ्या मार्गाने जवळजवळ तसाच धागा सिद्ध केला, तो पेर्लॉन. त्याचाही आरंभीचा उपयोग ब्रशांच्या राठ केसांसाठीच झाला.

दातांच्या ब्रशात नायलॉन शोभले, कारण तेथे ताठ, एकसारखा, टोकाशी सपाट कापलेला केस चालतो. पण तोच धागा दाढीच्या ब्रशात बसवला तेव्हा फजिती झाली. आमच्या पिढीने हे ब्रश वापरलेले आहेत. असा एखादा जुना ब्रश भिंगाखाली धरावा: मुळापासून टोकापर्यंत धागा एकाच जाडीचा, गुळगुळीत, आणि शेवटी कातरीने छाटलेला, छाटलेल्या कडेचा काठ स्पष्ट दिसतो, आणि गालाला बोचतो तो हाच काठ. धागे जाड म्हणून झुबक्यात त्यांची संख्या थोडी, संख्या थोडी म्हणून त्यांच्यामधल्या फटी मोठ्या, आणि फटी मोठ्या म्हणून पाणी तेथे ठरत नाही. फेस धरण्याऐवजी मुठीवरून मनगटाकडे ओघळतो. भरीस भर म्हणजे नायलॉन थोडेबहुत पाणी पितेच, अगदी मुरले तर वजनाच्या सुमारे आठ टक्के, आणि गरम पाण्यात मऊ पडून वाकते. म्हणजे केसाप्रमाणे भरपूर पाणी साठवण्याचा लाभ नाही, आणि ओलीने ढिले पडण्याचा दोष मात्र पदरात पडला. नक्कल करणाऱ्यांनी बॅजरचा रंग घेतला, लांबी घेतली, झुबक्याचा घाट घेतला; टोक तेवढे घ्यायचे राहिले.

टोकाचे मर्म प्रथम उमगले ते रंगाऱ्यांच्या ब्रशांत. युद्धकाळातच ड्यू पाँने असा नायलॉन धागा काढला, जो ओढताना वेग कमी-जास्त करून एका बाजूस निमुळता केलेला असे. तो रंगकामाला उत्तम ठरला, पण गालासाठी फारच जाड होता. पुढची वाट दुसऱ्या कुळातून निघाली. इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी १९४१ साली शोधलेल्या ज्या पॉलिएस्टरचे टेरीलिनचे सदरे आपल्याकडे एके काळी मोठ्या अभिमानाने घातले जात, त्याच कुळातले एक अपत्य म्हणजे पॉलिब्युटिलीन टेरेफ्थॅलेट, कारखानदारांच्या बोलीत पीबीटी. या धाग्याचा एक रासायनिक स्वभाव नायलॉनहून अगदी भिन्न आहे: कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात तो हळूहळू विरघळतो, नायलॉन मात्र त्याला दाद देत नाही. धाग्यांच्या जुडीची टोके त्या द्रावणात बुडवून ठेवली की बाहेरचा थर झिजत जातो, आणि किती खोल व किती वेळ बुडवायचे याचा हिशेब साधला तर टोक सुईहूनही सूक्ष्म होते. कातरीने जे कधीच साधले नसते ते येथे क्षाराने साधले. स्त्रियांच्या प्रसाधनाच्या ब्रशांत ही युक्ती रुळली आणि तेथून ती दाढीच्या ब्रशात आली. या शतकात सॅक्सनीतील स्ट्यूट्झेनग्र्यून गावच्या म्यूले या कारखान्याने, जो १९४५ साली स्थापन झाला, १९७२ साली पूर्व जर्मन राजवटीने ताब्यात घेतला आणि जर्मनी एक झाल्यावर पुन्हा मूळ कुटुंबाकडे आला, अशा धाग्याला बॅजरच्या सर्वोच्च प्रतीचे नाव देऊन बाजारात मानाचे स्थान मिळवून दिले. पॅरिसच्या प्लिसाँसारखे, १८०८ पासून ब्रश करणारे जुने घराणेही त्याच वाटेने गेले.

आता तुलना करायची तर ती नीट केली पाहिजे. पीबीटी अर्धा टक्काही पाणी पीत नाही. म्हणून ओला असो वा कोरडा, त्याचा बाक बदलत नाही, आणि ब्रश तासा-दोन तासांत कोरडा होऊन जातो. जो पाणी पोटात घेत नाही त्याने ते धरावे कसे? तर दोन धाग्यांच्या बारीक फटीत. आणि धागे जितके तलम व जितके दाट, तितकी ही धारणशक्ती अधिक. नव्या ब्रशाचे कौशल्य या एका हिशेबात आहे. त्यामुळे वापरण्याची रीतही बदलते: केसाचा ब्रश आधी भिजत ठेवावा लागतो, हा मात्र नुसता बुडवून झटकावा आणि साबणावर फिरवावा, साबण कमी लागतो, फेस लवकर येतो. उणेपण एवढेच की ऊब आणि पाणी या दोन्ही गोष्टी बॅजर जितका वेळ जपतो तितका वेळ तो जपत नाही, आणि काही प्रकारांत उसळी इतकी असते की फेसाचे शिंतोडे आरशावर उडतात. गालावरच्या स्पर्शात मात्र उत्तम प्रतीचा पीबीटी आज मध्यम प्रतीच्या बॅजरच्या पुढे गेला आहे, असे मी अनुभवाने म्हणतो. छाटलेल्या नायलॉनशी त्याची गणना एकाच सदरात करणे हा निव्वळ अन्याय आहे. दोघांनाही कृत्रिम म्हणतात, एवढेच त्यांचे नाते.

सलूनवाल्याची गरज निराळी असते. त्याचा ब्रश दिवसभर ओला, एका गालावरून दुसऱ्या गालावर जाणारा. त्याला जंतुनाशकात बुडवता येईल आणि पटकन वाळेल असाच धागा हवा, आणि त्या कामी साधे नायलॉनही जनावराच्या केसापेक्षा सरस आहे. बॅजरचा केस आज बहुतांशी चीनमधून येतो, आणि तो मिळवताना त्या प्राण्यांचे जे हाल होतात ते उघडकीस आल्यावर २०१८ साली अमेरिकेतील ‘द आर्ट ऑफ शेव्हिंग’सारख्या प्रतिष्ठित विक्रेत्यांनीही तो विकणे थांबवले. नक्कल आता अस्सलाची जागा घेऊ शकते. मग अस्सलासाठी जीव घेण्याचे प्रयोजन मला तरी दिसत नाही.

एका गोष्टीचे मात्र वाईट वाटते. पीबीटीच्या बहुतेक ब्रशांवर अजूनही तो काळा पट्टा रंगवलेला असतो. घोड्याच्या केसांवर तो गिऱ्हाइकाला फसवण्यासाठी होता, येथे नुसत्या सवयीने आला आहे. त्याने फेस वाढत नाही की स्पर्श सुधारत नाही. काही कारखानदार रंग न दिलेला पांढरा धागा सरळ मुठीत बसवू लागले आहेत, आणि गिऱ्हाइकाने तोच मागून घ्यावा असे मला वाटते.