दलदलीच्या वाटांवर धावताना गोचीड चावली तर काय करावे?

उत्तर जर्मनीत ब्रेमेन शहराच्या ईशान्येला टॉयफेल्समोअर नावाचा मोठा दलदली प्रदेश आहे. त्यातून हाम्मे नदी वाहते. नदीकाठी सपाट कुरणे, पाण्याचे चर आणि बर्चच्या झाडांच्या रांगा आहेत आणि पायाखाली काळी पीट माती. पीट म्हणजे हजारो वर्षे पाण्यात न कुजता साठत गेलेले शेवाळ आणि पालापाचोळा. चढ जवळजवळ नाहीच आणि जमीन डांबरापेक्षा मऊ. त्यामुळे नव्याने धावायला लागलेल्यांना अशा वाटा आवडतात. शिक्षण किंवा नोकरीसाठी जर्मनीत राहणारी मराठी मुले इथे धावतात आणि उन्हाळ्यात भेटायला गेलेले आईवडील फिरायला येतात.

या वाटांवर जरूर जा. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा: ओलसर गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यामुळे लाइम हा आजार होऊ शकतो. तो लवकर ओळखला तर गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. तो ओळखण्याची मुख्य खूण त्वचेवर दिसते आणि आपल्या सावळ्या त्वचेवर तीच खूण नजरेतून सुटते. म्हणून हा लेख.

ही गोचीड कशी असते?

गाईम्हशींच्या किंवा कुत्र्याच्या अंगावरची फुगलेली गोचीड आपण पाहिलेली असते. माणसाला चावणारी गोचीड बहुतेक वेळा पिल्लाच्या अवस्थेत असते. तिचा आकार १ ते २ मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढा असतो. जर्मन भाषेत तिला 'त्सेके' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, दवाखान्यात कामी येईल.

गोचीड झाडावरून अंगावर पडत नाही आणि उडीही मारत नाही. ती गवताच्या किंवा झुडपाच्या टोकाला बसून असते आणि पाय घासून गेला की चिकटते. तिला दमट हवा लागते. तापमान साधारण ७ अंशांच्या वर गेले की ती हालचाल करू लागते. म्हणून वसंतापासून शरद ऋतूपर्यंत धोका जास्त असतो. पायवाटेच्या मधोमध धोका कमी आणि कडेच्या उंच गवतात जास्त.

चावताना ती दुखत नाही. त्यामुळे 'काही जाणवले नाही, म्हणजे चावली नाही' असे समजू नका.

धावून आल्यावर दहा मिनिटे

लाइमचे जंतू गोचिडीच्या आतड्यात असतात. तिथून आपल्या शरीरात यायला त्यांना सहसा १२ ते २४ तास किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. त्याच दिवशी गोचीड सापडली आणि काढली, तर धोका खूप कमी होतो.

- घरी आल्यावर कपडे उतरवून आंघोळ करा आणि अंग नीट तपासा.
- पोटऱ्या, गुडघ्यामागची जागा, जांघ, कमरेच्या इलॅस्टिकखाली, बेंबी, काख आणि मोज्यांची कड बघा. मुलांचे केस, मान आणि कानामागची जागाही बघा.
- पाठ दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. एकटे राहत असाल तर मोबाइलने फोटो काढून बघा.
- धावायचे कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवा किंवा ड्रायरमध्ये गरम हवेवर तासभर फिरवा. ४० अंशांच्या धुण्यात गोचीड मरेलच असे नाही.

निघताना मोजे वर ओढा आणि डीईईटी किंवा इकॅरिडिन असलेले औषध पायांना लावा. त्याचा परिणाम काही तासच टिकतो, म्हणून ते लावले तरी अंग तपासायचेच.

गोचीड कशी काढावी?

बारीक टोकाचा चिमटा घ्या. जर्मनीत औषधांच्या दुकानात गोचीड काढायचे खास कार्डही मिळते. गोचिडीला त्वचेच्या अगदी लगत पकडा आणि सावकाश, सरळ वर ओढा. पोट दाबू नका. नंतर जागा जंतुनाशकाने पुसा. तोंडाचा बारीक तुकडा आत राहिला तरी घाबरू नका. तो काही दिवसांत आपोआप बाहेर पडतो.

तेल, रॉकेल, नेलपॉलिश, चुना किंवा पेटती काडी लावू नका. त्याने वेळ वाया जातो, आणि डिवचलेली गोचीड जास्त लाळ जखमेत सोडण्याची शक्यता असते.

कॅलेंडरवर तारीख आणि चावल्याची जागा लिहून ठेवा. एवढी एक नोंद पुढे डॉक्टरांचे निम्मे काम सोपे करते.

चावली म्हणजे आजार झालाच का?

नाही. जर्मनीतील अनुभवानुसार शंभर चाव्यांमागे साधारण एखाद्यालाच लाइमची लक्षणे दिसतात. म्हणून केवळ चावा झाला, एवढ्यावर तिथे सहसा अँटिबायोटिक देत नाहीत. लगेच रक्ततपासणी करण्यातही अर्थ नाही. रक्तात प्रतिपिंडे तयार व्हायला काही आठवडे लागतात, त्यामुळे सुरुवातीचा निगेटिव्ह रिपोर्ट खोटा दिलासा देतो. काढलेली गोचीड प्रयोगशाळेत पाठवण्याचाही उपयोग नाही. तिच्यात जंतू सापडले, तरी ते तुमच्या शरीरात आले आहेत असे त्यावरून ठरत नाही.

त्वचेवरची खूण ओळखा

चावल्यावर पहिल्या एकदोन दिवसांत छोटासा लाल, खाजरा फोड येतो आणि जातो. तो लाइम नव्हे.

लाइमचा चट्टा ३ ते ३० दिवसांनी येतो आणि दिवसागणिक पसरत जातो. तो ५ सेंटिमीटरपेक्षा मोठा होतो. बहुतेक वेळा तो दुखत नाही, खाजही फारशी नसते. सोबत बारीक ताप, अंगदुखी आणि थकवा असू शकतो.

इंटरनेटवर दिसणारे फोटो बहुतेक गोऱ्या त्वचेचे असतात: लालभडक वर्तुळ आणि मध्ये पांढरे कडे. प्रत्यक्षात असे कडे अनेकांना येत नाही. सावळ्या त्वचेवर चट्टा जांभळट, तपकिरी किंवा नुसता काळसर दिसतो. मुका मार, गजकर्ण किंवा ॲलर्जी समजून तो सोडून दिला जातो. म्हणून:

- जागा दिवसाच्या उजेडात बघा आणि आजूबाजूच्या त्वचेशी ताडून पाहा.
- चट्ट्याच्या कडेवर पेनाने रेघ ओढा. दुसऱ्या दिवशी चट्टा रेघेबाहेर गेला असेल तर तो पसरतो आहे.
- शेजारी नाणे ठेवून रोज फोटो काढा.
- चाव्यानंतर सहा आठवडे लक्ष ठेवा.

पसरणारा चट्टा दिसला तर डॉक्टर तेवढ्यावरच निदान करतात आणि उपचार सुरू करतात. सहसा डॉक्सिसायक्लिन १० ते १४ दिवस देतात. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना अमॉक्सिसिलिन देतात. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर घ्या, दुधाबरोबर नको. घेतल्यावर लगेच आडवे होऊ नका. त्या दिवसांत कडक ऊन टाळा. चट्टा लवकर गेला तरी कोर्स पूर्ण करा.

चट्टा हुकला तर?

काही आठवडे ते महिन्यांनी जंतू इतर अवयवांत पोहोचू शकतात. पुढीलपैकी काही दिसल्यास थांबू नका:

- चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे
- पाठीत, हातात किंवा पायात जळजळणारी वेदना, विशेषतः रात्री
- चक्कर, छातीत धडधड किंवा नाडी मंद होणे
- एक गुडघा सुजणे. धावणारा माणूस ही दुखापत समजतो. मार न लागता गुडघा मोठा सुजला असेल तर चाव्याची आठवण डॉक्टरांना द्या.

या टप्प्यातही उपचार आहेत, पण ते जास्त दिवस चालतात. चेहरा अचानक वाकडा झाला, शुद्ध हरपली किंवा श्वास लागला तर जर्मनीत ११२ वर फोन करा. पक्षाघातही असू शकतो, तो घरी बसून ठरवू नका. दवाखाना बंद असेल आणि तातडी तेवढी नसेल, तर ११६११७ हा क्रमांक आहे.

लस आहे का?

लाइमवर सध्या लोकांसाठी लस उपलब्ध नाही. गोचिडीमुळे होणाऱ्या दुसऱ्या आजारावर, म्हणजे विषाणूमुळे होणाऱ्या मेंदूज्वरावर, तीन डोसांची लस आहे. तो विषाणू गोचिडीच्या लाळेतच असतो, त्यामुळे ती लवकर काढूनही पूर्ण संरक्षण मिळत नाही. त्याचा धोका मुख्यतः दक्षिणेकडील बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या राज्यांत आहे. रॉबर्ट कोख संस्था दरवर्षी जोखमीच्या जिल्ह्यांची यादी जाहीर करते. आपला जिल्हा त्यात आहे का, हे तिथल्या फॅमिली डॉक्टरांना विचारा. सिंधुदुर्ग आणि गोव्यात आढळणाऱ्या माकडतापाचा विषाणू याच कुळातला असला, तरी आजार वेगळा आहे. ही लस त्यासाठी नाही.

भारतात परतल्यावर

आईवडील महिनाभर राहून परत येतात आणि चट्टा किंवा ताप इथे आल्यावर सुरू होतो. आपल्याकडे पावसाळ्यात ताप म्हटले की डॉक्टरांच्या डोक्यात आधी डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टो येतात, आणि ते योग्यच आहे. लाइम आपल्याकडे क्वचित आढळतो, त्यामुळे तुम्ही सांगितल्याशिवाय कुणाला तो सुचणार नाही. म्हणून दवाखान्यात बसल्याबरोबर सांगा: 'मी अमुक तारखेपर्यंत जर्मनीत होतो, गवताळ दलदलीच्या भागात फिरत होतो.' गोचीड काढली असेल तर तेही सांगा आणि फोटो दाखवा. चावा आठवत नसला तरी प्रवासाचा उल्लेख नक्की करा. खसखशीएवढी गोचीड अनेकांना दिसलेलीच नसते.